कोणीतरी म्हणजे कोण?

आमच्या सेक्शनमध्ये 'कोणीतरी' म्हणायची सोय नव्हती. समजा तुम्ही सहज बोलून गेलात, "अगं बाई, कोणीतरी पंखा चालूच ठेवून गेलंय," तर खिडकीजवळच्या टेबलावर पेन खाली ठेवलं जायचं आणि प्रश्न यायचा, "कोणीतरी म्हणजे कोण?" झालं. आता पंखा कोणी चालू ठेवला ते ठरेपर्यंत साहेब पुढच्या कागदाला हात लावणार नाहीत. शिपाई म्हणणार, मी तर आत्ता आलो. टायपिस्ट म्हणणार, माझ्या डोक्यावर तो पंखा येतच नाही. शेवटी मीच वैतागून ओरडायची, "मी ठेवला, मी! द्या फाशी!" त्यावर साहेब अगदी गंभीरपणे म्हणायचे, "फाशी कशाला, बाई? उठून बंद करा."

साहेब म्हणजे आमच्या वॉर्ड ऑफिसमधले इंजिनीअर. कुठलं वॉर्ड ऑफिस ते विचारू नका, मला अजून पेन्शन खायचीय. घाटकोपरच्या पुढे आणि मुलुंडच्या अलीकडे, एवढं पुरे. मी तिथे क्लार्क होते, त्यांच्याच सेक्शनला, आणि त्यांच्या रिटायरमेंटपर्यंत त्यांच्या समोरच्या टेबलावर बसले. त्यांचं नाव मी इथे सांगणार नाही. ज्या माणसाने जन्मभर जगाला नावं विचारली, त्याचंच नाव मी दाबून ठेवतेय, हे त्यांना कळलं असतं तर आठवडाभर बोलले नसते माझ्याशी. असो.

उंच, किडकिडीत, आणि चेहऱ्यावर आधी दिसायचं ते नाक. त्या नाकाला ते फार जपायचे. अत्तर नाही, पावडर नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. मुलुंडला मोठ्या बहिणीबरोबर राहायचे, तर तिला बिचारीला देवापुढे उदबत्ती लावायची बंदी. तिने समईवर भागवायचं. मी एकदा गजरा घालून आले तर म्हणाले, "बाई, छान आहे, पण खिडकीबाहेर ठेवा. मला दुपारी नाल्यावर जायचंय, नाक खराब होतं." मी म्हटलं, "साहेब, नाल्यावर जाऊन नाक खराब होत नाही, आणि मोगऱ्याने होतं?" तर म्हणाले, "नाल्याला मला काहीतरी सांगायचं असतं. मोगऱ्याला काय सांगायचंय?" गजरा खिडकीबाहेर सुकला.

माणसांना ते पूर्ण नावाने हाक मारायचे. नाव, बापाचं नाव, आडनाव. आमचा शिपाई बाबू, सगळं ऑफिस त्याला बाबू म्हणायचं, पण साहेब दारातून हाक मारणार, "बाबू तुकाराम घाग, दोन चहा." बाबू मूळचा कणकवलीकडचा, तोंडाळ. तो मला म्हणायचा, "मॅडम, माझ्या लग्नात भटजीन् पण इतक्या येळा बापाशीचा नाव घेऊक नाय." चहावाल्या पोऱ्यापासून नालेसफाईच्या मुकादमापर्यंत सगळ्यांची पूर्ण नावं त्यांना पाठ. नाव माहीत नसलेला माणूस समोर उभा असला की ते बेचैन व्हायचे, दुसऱ्या कशातच लक्ष लागायचं नाही.

तर या अशा माणसाच्या गळ्यात ऑफिसातलं सगळ्यात नकोसं काम पडलं होतं. आमचा भाग जुन्या कारखान्यांचा. आता बरेचसे बंद, पण गाळे, गोदामं, भंगाराची दुकानं भरपूर, शिवाय हायवे. आज अ‍ॅसिडचा टेम्पो कलंडला, उद्या कोणी रंगाचं पाणी नाल्यात सोडलं, परवा कुठे पावडरची गोण फाटली. असलं काही सांडलं की जागेवर जायचं, पंचनामा करायचा, सफाई करून घ्यायची आणि तिचा खर्च कोणाकडून घ्यायचा ते ठरवायचं. नियम साधा आहे. माल ज्याच्या ताब्यात असताना सांडला, सफाईचा खर्च त्याचा. तो सापडला नाही तर ऑफिसने तेवढ्यापुरता करायचा. साहेब त्यात पुढचं वाक्य जोरात म्हणायचे, "आणि सापडेल तेव्हा वसूल करायचा!"

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. प्रत्यक्षात पाण्याचा टँकर बोलावतात आणि पाणी मारतात. सांडलेलं गटारात, गटारातलं नाल्यात, नाल्यातलं खाडीत, आणि पंचनाम्यावर लिहितात, 'अज्ञात इसमाने'. फाइल बंद, सगळे जेवायला मोकळे. साहेबांच्या आधी जे होते त्यांनी तर म्हणे 'अज्ञात'चा रबरी शिक्का बनवून घेतला होता. साहेब आले त्याच दिवशी तो शिक्का त्यांनी कचऱ्यात टाकला. म्हणाले, "आपोआप काही सांडत नाही. हात लागतो. आणि हाताला माणूस असतो, माणसाला नाव असतं."

घरी तरी काय वेगळं होतं! त्यांचं लग्न का झालं नाही, ते त्यांच्या ताईंनीच मला सांगितलं, मी एकदा मुलुंडला हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा. ठाण्याला मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, चहा आला आणि मुलीच्या आईच्या हातून कप लवंडला. मुलगी बिचारी लगेच फडका घेऊन धावली. तर हे महाशय म्हणतात, "तुम्ही का? ज्यांनी सांडलं त्यांना पुसू द्या." होणाऱ्या सासूला! ताई हसत हसत सांगत होत्या, आणि मग एकदम म्हणाल्या, "अगं, मुलगी चांगली होती गं." स्वतःच्या बाबतीतही नियम तोच. स्वतःचा चहा सांडला तर बाबूला हात लावू देत नसत, खिशातून फडकं काढून स्वतः पुसायचे. त्यावरून ऑफिसने त्यांचं नाव 'पोतेरं' पाडलं. त्यांना माहीत होतं. एकदा लिफ्टमध्ये दोघांच्या तोंडून ऐकलं, तर म्हणाले, "पोतेरं असणं वाईट नाही. पोतेरं नसतं तेव्हा घराची काय दशा होते ते बघा."

एका वर्षी होळीच्या आसपास आमचा एक नाला जांभळा झाला. लोकांना वाटलं रंगपंचमीचं पाणी. साहेब काठावर उभे राहिले, नाक वर केलं आणि म्हणाले, "हा कपड्याचा रंग आहे." वरून फोन आला, टँकर पाठवतो, पाणी मारा. साहेबांनी टँकर परत पाठवला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, रबरी बूट घातले आणि नाल्यात उतरून रंगाच्या मागे उलटे चालायला लागले. मी आणि बाबू वरून, काठाकाठाने. लोक मोबाइलवर शूटिंग करतायत, पोरं शिट्ट्या मारतायत, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटी एका गाळ्याच्या मागे रंग संपला. मालक बाहेर आला, कपाळाला भलामोठा टिळा. म्हणाला, "मी तर पॅकिंगचं काम करतो, रंगाशी माझा काय संबंध?" आणि तेवढ्यात त्याच्या पायातून वॉचमनचा कुत्रा बाहेर आला. पांढरा कुत्रा, चारही पाय जांभळे. मी आणि बाबू हसून हसून खाली बसलो. साहेब मात्र हसले नाहीत. कुत्र्याकडे बघून एवढंच म्हणाले, "याचं नाव काय?" आणि पंचनाम्यात कुत्र्याचंही नाव घातलं.

पण पुढे? पुढे काय होणार! वसुलीची नोटीस गेली. मालकाने ती फर्म बंद केली आणि त्याच गाळ्यात बायकोच्या नावाने दुसरी काढली. नोटीस बंद फर्मच्या नावाची, ती परत आली. कुत्रासुद्धा तोच होता हो, दारात. साहेबांच्या सगळ्या केसेसचं हेच व्हायचं. कोणाचा टेम्पो भाड्याचा, कोणाचा ड्रायव्हर गावी गेला, कोणाचा माल तिसऱ्याचाच. नावं मिळायची, पैसे नाही. वरचे हसायचे, म्हणायचे, तुमच्या फाइलीत नावं एवढी की मतदारयादी वाटते. साहेबांवर काही परिणाम नव्हता. "आज ना उद्या धागा शेवटपर्यंत जाईल," म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायचं. वाटायचं म्हणूनच आता चीड येते.

आता सुरेखाचं सांगते. सांगायचं ते हेच आहे, इतका वेळ मी टाळत होते.

आमच्या हद्दीत डोंगरावर एक वस्ती आहे. सुरेखा तिथे राहायची. नवरा वारलेला, एक मुलगा कुरियरमध्ये, आणि ती पोळीभाजीचे डबे करायची. त्या वस्तीत पाणी सकाळी तासभर, तेही मनात आलं तर. त्यामुळे प्रत्येक दाराबाहेर निळी पिंपं. ती मोठी, प्लास्टिकची, झाकणवाली. मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ती पिंपं काही पाण्यासाठी बनलेली नसतात. कारखान्यातून केमिकल घेऊन येतात, रिकामी झाली की भंगारात जातात, आणि भंगारातून आपल्या दाराशी. धुवायची, उन्हात ठेवायची आणि पाणी भरायचं. माझ्या आईनेही तेच केलं, तुमच्या आईनेही केलं असेल. सुरेखाच्या मुलाचं लग्न झालं, घरात सून आली, पाणी पुरेना. म्हणून तिने भंगारवाल्याकडून आणखी एक पिंप आणलं. त्याने सांगितलं, धुतलेलं आहे.

धुतलेलं नव्हतं. तळाला काहीतरी उरलं होतं. तिने ते दारापुढच्या गटारात ओतलं, वास आला म्हणून नाकाला पदर लावला, आणि पिंप चांगलं स्वच्छ व्हावं म्हणून त्यात आणि गटारावर भरपूर ब्लीचिंग पावडर टाकली. आपल्याकडे काहीही स्वच्छ करायचं म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती पावडर तिला दिली होती आमच्याच सफाईवाल्याने, पावसाळ्यात गटारावर मारायला. आणि पिंपात उरलं होतं अ‍ॅसिड. ते दोन एकत्र आले की काय होतं ते आम्हालाही नंतर कळलं. हिरवट धूर निघाला आणि अख्खी गल्ली खोकत, डोळे चोळत खाली धावली. कितीतरी जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. देवाची कृपा, सगळे परत आले. सुरेखाचे हात मनगटापर्यंत भाजले. फायर ब्रिगेड आली, गल्ली बंद झाली, मास्कवाल्या एजन्सीने गटार खणून तो सगळा चिखल नेला. असल्या एजन्सीचं बिल कसं असतं ते मी पाहिलंय. डबे करणारी बाई जन्मभर पोळ्या लाटेल तरी पुरायचं नाही.

दोन दिवसांनी साहेब पंचनाम्याला गेले, मला बरोबर घेऊन. बायका बाईमाणसाशी नीट बोलतात आणि माझा हात भरभर चालतो, म्हणून. चढून गेलो तर गल्लीत सगळे एकदम मुके.

"कोणी ओतलं?"

"माहीत नाय साहेब."

"कोणीतरी ओतलं असंल. रात्रीचं टाकून जातात लोक."

"कोणीतरी म्हणजे कोण?" साहेब म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं सुरू.

तेव्हा पलीकडच्या दारातून ही बाई बाहेर आली. दोन्ही हातांना बँडेज, पदर सुनेने सावरलेला. म्हणाली, "मी ओतलं साहेब. पिंप माझं, ओतलं पण मीच. उगाच दुसऱ्या कोणाचं नाव कशाला?"

शेजारणीने तिला मागे ओढलं, "गप ना गं, येडी झालीस काय!" तर ती म्हणाली, "का गप? माझ्यापायी सगळ्यांची पोरं हॉस्पिटलात गेली. आता मी तोंड लपवू?"

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत असं तोंडावर 'मी' म्हणणारं त्यांना कोणी भेटलंच नव्हतं. त्यांनी तिला पूर्ण नाव विचारलं, आणि तुम्हाला सांगते, त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाले, "सुरेखाबाई, आमचा एकच नियम आहे. ज्याने सांडलं त्याने पुसायचं. पण तुम्ही घाबरू नका. हे तुमच्याकडे ज्यांनी पाठवलं, सांडलं त्यांनी." तिने बँडेजबाहेर राहिलेला अंगठा दिला, सही जमेना.

उतारावर मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "साहेब, हात जोडते. अज्ञात लिहा. एकदाच. ती वस्ती तोडून बिल्डिंग येतेय. तिच्या नावावर सरकारी थकबाकी चढली तर बिल्डरची माणसं तिला नव्या खोलीसाठी अपात्र करायला टपलेली आहेत. खोली जाईल तिची."

"बाई, तिने खरं सांगितलंय. खरं सांगणाऱ्या माणसाचा कागद मी खोटा करू?"

"खड्ड्यात गेला तुमचा कागद!"

"ते पिंप तिच्याकडे आकाशातून पडलं नाही. तिच्यावरून भंगारवाला, भंगारवाल्यावरून कारखाना. ती धाग्याचं टोक आहे. टोकच सोडलं तर ओढायचं काय?"

मी भडकले, पण खोटं कशाला सांगू, मला त्यांचं पटलंही. कारण साहेबांनी ओढलं हो, जीव तोडून ओढलं. भंगारवाल्याच्या दुकानात तासन्तास बसले. पिंपावरचं लेबल खरवडलेलं होतं, त्याचा एक कोपरा उरला होता. त्यावरून कारखाना शोधून काढला. कारखाना म्हणाला, आम्ही रिकामी पिंपं परवानाधारक कंपनीला नष्ट करायला देतो, ही घ्या पावती. ती कंपनी म्हणाली, आम्ही नष्ट केली, हे घ्या सर्टिफिकेट. आणि भंगारवाल्याने एका सकाळी दुकानाला कुलूप लावलं आणि उत्तरेला गावी गेला, तो गेलाच.

वरच्या मजल्यावर सुनावणी झाली. मी टिपणं घ्यायला होते. एका बाजूला कारखान्याचा वकील आणि त्या कंपनीचा माणूस, गुळगुळीत फाइली घेऊन. दुसऱ्या बाजूला सुरेखा आणि तिचा मुलगा, खुर्चीच्या अगदी टोकाला बसलेले. मोठ्या साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "कागदाप्रमाणे हे पिंप नष्ट झालेलं आहे. म्हणजे ते अस्तित्वातच नाही."

आमचे साहेब उभे राहिले. "सर, पिंप खाली आपल्या कंपाउंडमध्ये उभं आहे. मी जप्त करून आणलंय. चला, दाखवतो."

कोणी उठलं नाही. वकील तर मोबाइल बघत होता. साहेब परत म्हणाले, "सर, एक जिना उतरायचाय फक्त." मोठे साहेब म्हणाले, "बसा तुम्ही." मग सुरेखाला विचारलं, "पावडर कुठून आणलीस?" ती म्हणाली, "तुमच्याच माणसाने दिलेली, गटारावर मारायला." यावर मला सांगण्यात आलं की हे विषयाला धरून नाही, लिहू नका. मी लिहिलं. नंतर ते खोडलं गेलं.

निकाल असा झाला की कारखान्याने पिंप कायदेशीर दिलं, कंपनीने कायदेशीर नष्ट केलं, भंगारवाला मिळून येत नाही, आणि सांडलं तेव्हा ताबा या बाईंचा होता, त्यांनी स्वतः कबूल केलंय. खर्च त्यांच्याकडून वसूल करावा. सगळ्यांच्या हातात कागद होते म्हणून सगळे सुटले. हिच्या हातात काय होतं? दोन हात भाजलेले आणि एक खरं बोलणं.

त्यानंतरचे साहेब मला आठवायला नको वाटतात. ज्या माणसाने शिक्का कचऱ्यात फेकला होता तो माणूस केबिनमागून केबिन फिरत होता, त्या एका शब्दासाठी. "सर, अज्ञात करा. दुरुस्ती म्हणून करा. माझी चूक झाली म्हणून करा, माझ्यावर चौकशी लावा." वरचे म्हणायचे, "अहो, तुम्हीच ना सांगायचात, हाताला नाव असतं? आता नाव मिळालंय, तर अज्ञात कसं करू?" आणि हसायचे. खरंच हसायचे हो! मला वाटायचं एकेकाच्या टेबलावर जाऊन टेबल पालथं करावं.

मग ते स्वतःचा फंड काढून भरायला निघाले. सुरेखाकडे गेले, मीही बरोबर होते. ती ऐकून घेईना. म्हणाली, "तुम्ही का साहेब? तुम्ही थोडंच सांडलं? तुम्हीच म्हणालात ना, ज्याने सांडलं त्याने पुसायचं." टोमणा नव्हता तो. ती मनापासून बोलत होती. तिला त्यांचा राग आलाच नव्हता, तेच सहन होत नव्हतं. तिने आम्हाला चहा केला. बँडेज सुटली होती पण बोटं वळत नव्हती. पोळ्या आता सून लाटायची. साहेबांनी कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

वसुली झाली. कशी, ते सांगते. एक दिवस माझ्या काउंटरवर बिल्डरचा माणूस आला, पांढरे बूट घातलेला, आणि सुरेखाच्या नावाने सगळी रक्कम एकरकमी भरून गेला. खोली त्याने लिहून घेतली होती. थकबाकी आम्ही भरतो, तू सही कर आणि जा. मी पावती फाडली. पावतीवर पूर्ण नाव लिहायचं असतं; मी लिहिलं, तिचं, नवऱ्याचं, आडनाव. मागे वळून बघितलं तर साहेब दारात उभे होते. मी म्हटलं, "साहेब, बसा जरा," तर मान हलवली आणि जिन्याकडे गेले.

मग आमच्या सेक्शनमध्ये शांतता झाली. कोणी नळ चालू ठेवला, कोणी कपाट उघडं टाकलं, कोणी काही विचारेना. एकदा मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "बाई बाई, कोणीतरी माझा स्टेपलर पळवला!" त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "जाऊ दे, बाई," म्हणाले. बाबू माझ्याकडे बघायला लागला, मी बाबूकडे. त्या दिवशी मला ऑफिसात रडू आलं आणि स्टेपलर ड्रॉवरमध्येच होता.

ते सुरेखाला शोधत होते, हे मला नंतर कळलं. वस्तीत जाऊन आले. शेजारीण म्हणाली, दिव्याला राहायला गेली. दुसरी म्हणाली, नाय हो, टिटवाळ्याच्या पुढे कुठेतरी. मुलाने कुरियरची नोकरी सोडली होती, फोन लागत नव्हता. रविवारी ताईंना सांगायचे, फिरून येतो, आणि संध्याकाळी धुळीने भरलेल्या चपला घेऊन परत यायचे. ताईंनी मला फोन केला होता, "अगं, हा रविवारी जातो कुठे?"

त्याच वर्षी ते रिटायर झाले. हॉलमध्ये निरोपसमारंभ, फुगे, समोसे, शाल-श्रीफळ, सगळं नेहमीचं. मोठ्या साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, "असली प्रकरणं आपल्याकडे अज्ञात म्हणून बंद होतात, हे आपण सगळे जाणतो. पण यांच्या चिकाटीमुळे आपल्या ऑफिसने एका प्रकरणात पूर्ण वसुली करून दाखवली. आपल्याकडे असं पहिल्यांदाच घडलं. आणि ते नाव शोधून काढलं यांनी!" खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो झाले. मग म्हणाले, दोन शब्द बोला.

साहेब माइकपुढे उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील, आता तरी ओरडतील, शाल काढून फेकतील. त्यांनी आमच्यापैकी एकेकाकडे बघितलं. मग हळू आवाजात त्यांनी सुरेखाचं पूर्ण नाव घेतलं, आणि विचारलं, "त्या आता कुठे राहतात, तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का?"

कोणालाच माहीत नव्हतं. ते वाट बघत उभे राहिले, खरंच उत्तराची वाट बघत. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं भाषण संपलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी नाही वाजवल्या. पण मी न वाजवून त्या बाईची खोली थोडीच परत येणार होती.